‘सेट’ दाबलं, पण गाडी ऐकेना

नागपूरहून परत येत होतो. मेहकर मागे पडलं होतं, समोर समृद्धी महामार्ग मोकळा आणि काटा शंभरावर. सवयीने अंगठा क्रूझच्या बटणावर गेला, मीटरमध्ये बारका दिवा लागला. मग ‘सेट’ दाबलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी निवांतपणे मंदावत गेली. पंच्याण्णव, नव्वद, पंच्याऐंशी. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मागून आलेल्या गाडीने दिवे मारले तेव्हा पाय परत ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि संभाजीनगरपर्यंत तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने स्कॅनर लावला, स्टिअरिंगवरची बटणं दोनचारदा दाबून पाहिली आणि मालकांनी निकाल दिला. बटणांचा संच आणि त्यामागची क्लॉक स्प्रिंग दोन्ही बदला, मजुरीसकट अठरा हजार. ‘विचार करून सांगतो’ म्हणून मी निघालो. खरा बिघाड तीन दिवसांनी आमच्या सोसायटीच्या वॉचमनने दाखवला, तोही त्याच्या नकळत. त्या गोष्टीकडे येतोच. आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू, कारण ते कळलं की अर्धं निदान पार्किंगमध्येच होतं.

पूर्वी क्रूझ कंट्रोल हे वेगळं यंत्र असे. इंजिनाशेजारी एक डबा, त्यातून निघालेली केबल थ्रॉटलला जोडलेली. व्हॅक्यूमच्या जोरावर किंवा छोट्या मोटरने ती केबल ओढली जायची. ही कल्पना ज्याच्या नावावर आहे तो राल्फ टीटर हा अमेरिकी इंजिनिअर लहानपणीच, वयाच्या पाचव्या वर्षी, दृष्टी गमावून बसला होता. त्याचा वकील गाडी चालवता चालवता बोलायला लागला की वेग कमी-जास्त व्हायचा, त्या हिसक्यांना वैतागून त्याने हे काढलं असं सांगतात. १९५० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत ते बसलं. आजच्या गाडीत असा डबा शोधायला जाल तर सापडायचा नाही. ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत जाणारी तार गेली, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला, आणि क्रूझ म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधल्या, म्हणजे ईसीयूमधल्या, प्रोग्रॅमचा एक तुकडा उरला. हा तुकडा सहसा बिघडत नाही. बिघडतात ते त्याला खबर पोचवणारे स्विच आणि वायरी.

शिवाय हा प्रोग्रॅम स्वभावाने संशयी आहे, आणि असावाच. त्याचं काम तहसील कचेरीतल्या फाइलीसारखं चालतं. ब्रेकची सही हवी, क्लचची हवी, चाकांच्या सेन्सरची हवी, बटणांची हवी, इंजिनाचीही हवी. एकाने ना-हरकत दिली नाही की फाइल जागची हलत नाही, आणि अडवली कुणी हे टेबलामागचा माणूस सांगत नाही. म्हणून ‘क्रूझ बिघडलं’ असं म्हणत स्टिअरिंग उघडायला धावू नका. सही कुणाची राहिली आहे ते शोधा. हा शोध स्वस्त आणि हाताशी असलेल्या ठिकाणापासून सुरू करायचा, महागड्या ठिकाणापासून नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या, बिघाड खरंच आहे ना? बहुतेक गाड्यांत ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या खाली क्रूझ लागतच नाही. काही गाड्यांत क्रूझच्या बटणाशेजारीच स्पीड लिमिटरचं बटण असतं. चुकून ते दाबलं गेलं की दिवा लागतो, पण गाडी वेग धरत नाही, फक्त ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ देत नाही. हँडब्रेकचा दिवा पेटलेला असेल, एबीएसचा किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल, तर क्रूझने नकार देणं साहजिक आहे. तिथे आधी त्या दिव्याचा इलाज करा. पायाखालची मॅट सरकून क्लचच्या पेडलखाली गेली आहे का तेही बघा. हे वाचून हसू येईल, पण जाड रबरी मॅटवर आणखी एक मॅट टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत. आणि डावा पाय क्लचवर टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर क्रूझ तुम्हाला कधीच साथ देणार नाही. त्याला वाटतं, तुम्ही गिअर बदलायच्या तयारीत आहात.

आता मीटरमधल्या दिव्याकडे लक्ष द्या. मेकॅनिकला ‘क्रूझ चालत नाही’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं आहे. बटण दाबूनही दिवा लागतच नसेल तर संशय बटणावर, स्टिअरिंगमधल्या जोडणीवर, फ्यूजवर किंवा ईसीयूने आधीच नोंदवून ठेवलेल्या एखाद्या दोषावर घ्यायचा. दिवा लागतो पण ‘सेट’ होत नाही, असं असेल तर मुख्य बटण आणि त्याची वायर ठीक आहे, नकार बहुधा ब्रेक, क्लच किंवा वेगाच्या सेन्सरकडून येतोय. ‘सेट’चं स्वतःचं बटण मेलं असण्याची शक्यता त्यानंतरची. आणि ‘सेट’ होतं पण मधेच सुटतं, असं असेल तर बहुधा कुठेतरी लूज कनेक्शन आहे. ते शोधायचं तर केव्हा सुटतं हे लिहून ठेवा. खड्ड्यात? स्टिअरिंग वळवल्यावर? पावसात? दिवे लावल्यावर? या नोंदीची किंमत कुठल्याही मीटरपेक्षा जास्त आहे.

माझ्या गाडीत दिवा लागत होता, ‘सेट’ होत नव्हतं. म्हणजे बटणांचा संच बदलायचा सल्ला पहिल्याच पायरीवर संशयास्पद होता. हे मला गॅरेजमध्ये सुचलं नाही, घरी येऊन चहा पिताना सुचलं.

स्कॅनरबद्दल दोन शब्द. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर घरच्या घरी कोड वाचता येतात. पी ०५७१ ते पी ०५७३ आले तर ब्रेक स्विचच्या सर्किटकडे बोट आहे. पी ०५०४ म्हणजे ब्रेक स्विचची दोन सर्किटं एकमेकांशी जुळत नाहीत. पी ०५६५ ते पी ०५७० हे क्रूझच्या बटणांच्या संकेतांचे, पी ०७०४ क्लच स्विचचा, पी ०५०० गाडीच्या वेगाचा. पण कोड फक्त गल्ली सांगतो, घर नंबर सांगत नाही. ‘ब्रेक स्विच सर्किट’ याचा अर्थ ब्रेक स्विच खराब आहे असा होत नाही. त्या सर्किटमध्ये फ्यूज येतो, कनेक्टर येतो, वायर येते, मागचे बल्ब येतात आणि पेडलसुद्धा येतं. कोड पाहून पार्ट बदलत सुटणं हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा छंद आहे.

कोडपेक्षा स्कॅनरमधला लाइव्ह डेटा जास्त उपयोगाचा. गाडी उभी, स्विच ऑन. पडद्यावर ब्रेक स्विच, क्लच स्विच, क्रूझ स्विच अशा ओळी दिसतात का बघा. पाय पेडलवर नसताना ब्रेकपुढे ‘ऑन’ लिहिलेलं असेल तर शोध जवळजवळ संपला. मात्र स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा इंजिनापुरतंच बोलतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड त्याला दिसत नाहीत, म्हणून ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेऊ नका.

आता ब्रेककडे. माझ्या मते दहातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे सावकाश थांबू.

ब्रेकच्या पेडलच्या वर, पेडल ज्या लोखंडी पट्टीला लटकलेलं असतं तिथे, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पाहायचा तर सीट पूर्ण मागे सारून, डोकं खाली आणि पाय सीटवर अशा अवस्थेत आत शिरावं लागतं. मान धरते, तयारी ठेवा. स्विचमधून एक दांडी बाहेर आलेली असते. पाय नसताना पेडल तिला आत दाबून धरतं. पाय ठेवला की पेडल दूर जातं, दांडी बाहेर येते आणि मागचे दिवे पेटतात. स्विचला चार वायरी असतील तर आत दोन सर्किटं आहेत. एक पेडल मोकळं असताना तुटलेलं असतं, दुसरं जोडलेलं. पाय ठेवला की दोघांची अदलाबदल होते. ईसीयू दोघांकडे एकदम बघतो आणि दोघांची साक्ष जुळली नाही तर कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्यामुळेच मागचे दिवे व्यवस्थित लागत असूनही क्रूझ बंद, असं होऊ शकतं. ‘ब्रेकलाइट लागतात ना, मग स्विच चांगला आहे’ हे गॅरेजमधलं लाडकं वाक्य अर्धंच खरं आहे.

तपासायला चारपाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरीवर लावून बघा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आले तर मीटरही बरोबर आणि बॅटरीही. मग काळी पिन गाडीच्या बॉडीवरच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा आणि लाल पिनला बारीक टाचणी जोडून ती कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या शेजारून आत सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पहिल्या पावसाळ्यात ओल शिरते आणि वर्षभरात आतलं तांबं हिरवं पडतं. आजचा बिघाड शोधताना पुढच्या वर्षीचा पेरून ठेवल्यासारखं होतं. पेडल मोकळं असताना दिव्यांच्या बाहेर जाणाऱ्या वायरीवर शून्य आणि दाबल्यावर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. दुसऱ्या सर्किटवर बहुतेक गाड्यांत बरोबर उलटं. पेडल हळूहळू दाबत आकडा बघा. तो एकदम बदलायला हवा. मधेच सहा-सात व्होल्टवर रेंगाळला तर आतला काँटॅक्ट जळलाय. स्विचला तीनच वायरी असतील तर तो चुंबकावर चालणारा सेन्सर असू शकतो. त्याला ओहमवर तपासायला जाऊ नका, लाइव्ह डेटावरच बघा.

आणि आता वॉचमनची गोष्ट. तिसऱ्या दिवशी रात्री गाडी लावून जिन्याकडे निघालो तर मागून हाक आली, ‘साहेब, मागचे लाल दिवे चालू राहिलेत.’ मी किल्ली काढलेली, हेडलाइट बंद, तरी दिवे पेटलेले. परत आत बसून पेडल पायाच्या पंजाने किंचित वर उचललं. ‘गेले आता,’ वॉचमन म्हणाला. पेडल सोडलं. ‘परत आले.’

दुसऱ्या दिवशी उजेडात मॅट झटकली तेव्हा तिच्याखाली पिवळट प्लॅस्टिकचे तीनचार तुकडे निघाले, वाळलेल्या पुठ्ठ्यासारखे ठिसूळ. ब्रेकच्या स्विचची दांडी ज्या जागी पेडलला टेकते तिथे पेडलच्या पट्टीला एक भोक असतं आणि त्या भोकात नाण्याएवढं प्लॅस्टिकचं बूच बसवलेलं असतं. दहा वर्षांच्या उन्हाने ते बूच पिचलं होतं. दांडी आता थेट त्या भोकात शिरत होती. स्विच नवाकोरा बसवला असता तरी त्याला पाय ब्रेकवरच आहे असंच वाटलं असतं. सुरुवातीला बूच अर्धंच फुटलं असावं, म्हणून दिवे कधी लागत, कधी नाही. क्रूझला मात्र तेवढाही संशय पुरेसा होता. स्पेअर पार्टच्या दुकानात ते बूच चाळीस रुपयांना मिळालं. बसवायला एक मिनिट लागलं आणि मान सरळ व्हायला दोन दिवस.

तेव्हा तुमच्या गाडीत क्रूझ अडलं असेल तर सगळ्यात आधी पायाखालची मॅट उचला. प्लॅस्टिकचा चुरा दिसला, किंवा गेल्या काही दिवसांत बॅटरी विनाकारण उतरली असेल, तर वर बघा. बूच ब्रेकला असतं तसं बऱ्याचदा क्लचलाही असतं.

मागचे दिवे एकट्याने तपासायचे तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. डावा, उजवा आणि काचेतला तिसरा. जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांत क्रूझचं मॉड्यूल ब्रेकच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग घेतं. तिथे बल्ब उडाले की क्रूझही गेलं. नव्या गाड्यांत बल्बमधून किती करंट जातो यावर कंप्युटर लक्ष ठेवतो. साधा २१ वॉटचा ब्रेक बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास घेतो, त्याजागी बसवलेला एलईडी त्याच्या काही अंशच. कंप्युटरला वाटतं बल्ब उडाला, आणि क्रूझ अडतं. म्हणून ‘क्रूझ कधीपासून बंद आहे’ या प्रश्नाच्या जोडीला ‘त्याआधी गाडीला काय नवं लावलं’ हाही प्रश्न विचारा. बंपरमधले लाल चमकते रिफ्लेक्टर, ब्रेक मारल्यावर चमचम करणारे दिवे, रिव्हर्स कॅमेरा. ॲक्सेसरीच्या दुकानात यांच्यासाठी ब्रेकच्याच वायरीला चीर देऊन टेप गुंडाळलेली असते.

माझ्या साडूंच्या गाडीचं क्रूझ दिवसा नीट चालायचं आणि संध्याकाळी हेडलाइट लावले की सुटायचं. दोन महिने ते याला ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणत होते. मागे जाऊन उभा राहिलो तर दिवे लावताच ब्रेकलाइटही भगभगीत पेटत होते. मागच्या दिव्यात टेललाइट आणि ब्रेकलाइट मिळून दोन तारांचा एकच बल्ब असतो; त्याच्या बुडाला दोन ठिपके आणि बाजूच्या दोन घुंड्या वर-खाली. कुणीतरी रस्त्यात अडचणीला एका तारेचा बल्ब दाबून बसवला होता. त्याचा बुडाचा एकच मोठा ठिपका होल्डरमधल्या दोन्ही पत्त्यांना टेकत होता, त्यामुळे टेललाइटचा करंट ब्रेकच्या वायरीत शिरत होता आणि ईसीयूला दिवे लावले की ब्रेक दाबल्यासारखं वाटत होतं. दुरुस्ती तीस रुपयांच्या बल्बची. होल्डरची अर्थ सैल किंवा गंजलेली असेल तरी असे चमत्कार दिसतात. इंडिकेटर लावला की टेललाइट उघडझाप करतो, ब्रेक दाबला की दुसराच दिवा मंद पेटतो. अर्थ तपासायची तर दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थवर आणि दुसरी बॉडीच्या स्वच्छ धातूवर लावा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तिथे पॉलिश पेपर मारायची वेळ झाली. दिवा चालू ठेवणं महत्त्वाचं आहे. लोड नसताना केसाएवढी तारही बारा व्होल्ट दाखवते.

क्लच स्विचला फार जागा द्यायची गरज नाही. तपासणी ब्रेकसारखीच, फक्त सर्किट बहुधा एकच.

फ्यूज तपासताना प्रत्येक उपटून बघायची गरज नाही. पात्यांच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. दोन्हीवर बारा व्होल्ट आले तर फ्यूज शाबूत, एकावरच आले तर उडालेला. १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, एवढं लक्षात ठेवा आणि लालच्या जागी पिवळा कधीही घालू नका. एकदा बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर हात आवरा, कुठेतरी शॉर्ट आहे. याला किती गंभीरपणे घ्यायचं ते फोर्डच्या उदाहरणावरून कळेल. अमेरिकेत १९९९ ते २००९ या काळात कंपनीने टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या परत बोलावल्या, त्या क्रूझच्या एका छोट्या स्विचपायी. ब्रेकच्या दाबावर चालणाऱ्या त्या स्विचमधला पातळ पडदा फाटून ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचं आणि स्विचला किल्ली काढल्यावरही बॅटरीचा पुरवठा चालू असायचा. त्यामुळे घरापुढे शांत उभ्या असलेल्या गाड्या पेटल्या. त्यावर गाड्यांत जो उपाय बसवला गेला तो काय, तर मधे फ्यूज असलेली वायर.

आता स्टिअरिंग. इथे उत्साह आवरावा. बटणांच्या मागेच एअरबॅग आहे, ती फुटायला एक छोटी विजेची ठिणगी पुरते, आणि ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर स्वतः थोडा करंट सोडतो. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. पिवळ्याला मीटर लावायचा नाही, हा नियम बिनशर्त पाळा. स्टिअरिंग उघडायचंच झालं तर बॅटरीची निगेटिव्ह काढून थांबावं लागतं. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही तीन मिनिटं. मी दहा मिनिटं थांबतो, आणि खरं सांगायचं तर हल्ली हे काम माहीतगाराकडेच देतो.

पण न उघडताही बरंच कळतं. स्टिअरिंग गोल फिरतं आणि त्यावरची बटणं गाडीच्या वायरिंगला जोडलेली राहतात ती क्लॉक स्प्रिंगमुळे. चपट्या डबीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायरींची पट्टी, स्टिअरिंग फिरलं की उलगडते आणि गुंडाळते. ही पट्टी तुटायला लागली की हॉर्न, गाण्याची बटणं, एअरबॅगचा लाल दिवा आणि क्रूझ यांच्या तक्रारी पाठोपाठ येतात. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा आणि फिरवताना क्रूझचं बटण दाबत राहा. एका कोनात दिवा लागतो आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर क्लॉक स्प्रिंगच. गाडीचं स्टिअरिंग कुठल्यातरी कामासाठी काढलं होतं आणि त्यानंतर हे सुरू झालं, असं असेल तरी तीच. मध्यभाग न जुळवता बसवली तर पट्टी एका बाजूला ताणून तुटते.

बटणांची रचना मजेशीर आहे. पाच बटणांना पाच वायरी नसतात. बऱ्याच गाड्यांत सगळी बटणं एकाच वायरीवर असतात आणि प्रत्येकाच्या मागे वेगळा रेझिस्टर असतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ‘रिझ्यूम’ दाबलं की सुमारे २४० ओहम, ‘सेट’ दाबलं की ६३० च्या आसपास, ‘कॅन्सल’ला १५४० च्या आसपास, आणि मुख्य बटणाला जवळपास शून्य. ईसीयू त्या आकड्यावरून कुठलं बटण दाबलं ते ओळखतो. बटणात चहा सांडला, घामाची खारट पुटं चढली की आकडा सरकतो. मग तुम्ही ‘सेट’ दाबता आणि गाडी ‘कॅन्सल’ समजते, किंवा काहीच समजत नाही. लाइव्ह डेटात बटणाचं नाव दिसत असेल तर प्रत्येक बटण दाबून तेच नाव येतं का बघा. इथे चूक दिसली तरच बटणांच्या संचाचे पैसे द्या.

राहिली चाकं. वेगाची खबर हल्ली एबीएसच्या सेन्सरांकडून येते आणि त्यांच्या वायरी टायरच्या शेजारून, चिखल-पाण्याच्या माऱ्यात जातात. स्पीडोमीटरचा काटा मधेच थरथरला किंवा एबीएसचा दिवा लागला तर टायरमागे हात घालून वायर चाचपा. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली असणं अगदी शक्य आहे. बॉनेट उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर शोध तिथूनच सुरू करा.

पुढची गाडी पाहून आपोआप वेग कमी करणारं क्रूझ असेल तर वरच्या यादीत रडार आणि कॅमेऱ्याची भर पडते. चिखल बसला की ते बंद होतं, मऊ फडक्याने पुसलं की चालू होतं, इतपत काम तुमचं. बंपर काढून पुन्हा बसवला किंवा त्यावर जाड रंग चढवला आणि मग बिघडलं तर रडारचं कॅलिब्रेशन लागेल. ते मल्टिमीटरने होत नाही, कंपनीच्या यंत्राशिवाय त्याला हात लावू नका.

एका गोष्टीवर मात्र भांडण झालं तरी चालेल. मेकॅनिक म्हणेल, ‘साहेब, क्लचचा स्विच शॉर्ट करून देतो, दोन मिनिटांचं काम.’ क्लचचा स्विच शॉर्ट केला तर क्रूझ चालू असताना क्लच दाबताच इंजिन बेफाम ओरडतं, कारण गाडी वेग राखायला जोर लावत असते आणि चाकं सुटलेली असतात. ब्रेकच्या सर्किटशी असली कारागिरी करणाऱ्याच्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा.

दुरुस्तीनंतरची चाचणी गर्दी नसलेल्या सरळ रस्त्यावर, साठच्या आसपास, शेजारी कुणाला तरी बसवून घ्या. आधी क्रूझ लागतं का यापेक्षा सुटतं का ते तपासायचं. ‘सेट’ केल्यावर ब्रेकवर पाय नुसता टेकवा, वेग कमी व्हायच्या आधीच ‘सेट’चा दिवा विझायला हवा. मग ‘रिझ्यूम’, आणि या वेळी क्लच. मग ‘कॅन्सल’. प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात सुटलं पाहिजे. एकदा जरी अडलं तरी क्रूझ बंद करून परत फिरा.

बूच बसवल्यावर मी बीड बायपासवर पहाटे हे सगळं करून आलो. तिन्ही वेळा दिवा लागला आणि तिन्ही वेळा विझला. गाडी लावली, किल्ली काढली आणि वॉचमनला विचारलं, मागे बघ रे जरा.

‘काळोख आहे, साहेब,’ तो म्हणाला.